पिवळ्या मुठीचा टेस्टर

सरका जवळ. दिवा राहू दे बंद, डास येतात. आणि ए शहाण्या, तो मोबाइल पालथा ठेव. गोष्ट संपल्यावर तुलाच तो हातात धरवणार नाही, मग माझ्या नावानं ओरडू नकोस.

ही माझ्या साडूची हकिगत. साडू खोटं बोलत नाही असं नाही, पण खोटं रचायला लागणारी अक्कल देवानं त्याला दिलेलीच नाही. म्हणून माझा विश्वास. टीव्ही, कॉम्प्युटर, इंटरनेट, काय बिघडेल ते दुरुस्त करतो. खिशात कायम टेस्टर. पिवळी मूठ, तिला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली, कारण एकदा मी त्याच्यावर बसलो होतो. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो टेस्टर खिशात आहे. म्हणून सगळं गाव त्याला टेस्टरच म्हणतं.

त्याला एक खोड. कुठंही गेला की आधी प्लग उपटायचा, नमस्कार मागाहून. बंद करून चालू केलं की निम्मे आजार जातात, एवढंच त्याचं शास्त्र. सासरेबुवांना बघायला दवाखान्यात गेलो, तेव्हा मी त्याचे दोन्ही हात धरून उभा होतो.

तर गेल्या महिन्यातला दुसरा शनिवार. रात्री साडेनऊला त्याला फोन आला. बोलणारी बाई शिवणकाम करणारी, दोन गल्ल्या पलीकडची.

"मुलगा गेम खेळतो, ते इंटरनेटवर लाइव्ह जातं. चित्र मागे पडतंय. रोज जास्तच. आत्ता येता का?"

गेला. दुसरा मजला, एकच मोठी खोली. कोपऱ्यात शिलाई मशीन, सुईखाली अर्धा शिवलेला गणवेश. मशीनच्या वर एका चिमुरडीचा फोटो. ठिपक्यांचा फ्रॉक, दोन्ही हात मांडीवर, रिकामे. टीव्हीसमोर सोफ्यावर बारा-तेरा वर्षांचा मुलगा गाड्यांची शर्यत खेळत बसलेला. त्याच्याशेजारी आणखी एक कंट्रोलर. तो कुणाच्याच हातात नव्हता.

टेस्टर सवयीनं थेट प्लगकडे. बाईनं त्याचं मनगटच धरलं.

"बंद नाही करायचं."

"अहो वहिनी, बंद न करता कसं..."

"बंद नाही करायचं. कमीसुद्धा नाही करायचं. आहे तिथं थांबवा. फक्त वाढू देऊ नका."

टेस्टर चक्रावला. आजवर जो तो 'हा लॅग, हा उशीर कमी करा' म्हणून डोकं खायचा. ही बाई म्हणते, राहू दे, पण पुढं नको! गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची, असं मनात म्हणून बसला कामाला.

रोग त्याच्या ओळखीचा होता. गेमच्या खोक्यातून चित्रं भराभर निघतात, कॉम्प्युटर ती सावकाश घेतो. उरलेली साठत जातात आणि साठा वाढला की उशीर वाढतो. त्यानं वायफाय काढून केबल लावली. चित्राचा दर्जा उतरवला. वायर बदलली. काही फरक नाही.

"किती मागे आहे, ते तरी बघू." त्यानं टेस्टर टीव्हीखालच्या टेबलावर, सोफ्याकडं रोखलेल्या कॅमेऱ्यासमोर ठेवला. बाईचा मोबाइल हातात घेतला, त्यावर तेच लाइव्ह चालू होतं. बघणारं माणूस एकच. आता टाळी वाजवायची आणि मोबाइलवर ती कधी दिसते, ते मोजायचं.

वाजवली टाळी.

मोबाइलवर ना टाळी, ना टेस्टर, ना तो मुलगा.

खोली हीच. मशीन हेच. सोफ्यावर चादर मात्र वेगळी, लाल. आणि तिच्यावर एक पाच वर्षांची मुलगी. ठिपक्यांचा फ्रॉक...

तिनं मान वर केली. इकडंतिकडं पाहिलं. कुणीतरी टाळी वाजवल्यासारखं.

हसतोस काय रे? तेव्हा साडूही हसायला गेला होता. पण त्यानं नुसता मोबाइल बाईसमोर धरला.

"माझी थोरली," बाई म्हणाली. "दोन वर्षं झाली. सकाळी गाडीवरून कॉलेजला गेली, ती आलीच नाही. हे लाइव्ह तिनंच सुरू केलेलं. दोघं मिळून खेळायची. यानं पुन्हा चालू केलं, मी स्वयंपाकघरातून बघत होते. पहिल्या रात्री मिनिटभर मागे. मग तास. मग एकदा बघते, तर ती याच्याशेजारी बसलेली. शेवटच्या दिवशीचा निळा शर्ट घालून."

"मग?"

"मग रोज आणखी मागे. रोज लहान. कॉलेजची, मग शाळेची... म्हणून म्हटलं, थांबवा."

मुलानं कंट्रोलर खाली ठेवला. टीव्हीवर गाडी भिंतीला जाऊन धडकली.

"आई, परवापर्यंत ताई मला मांडीवर घेऊन बसायची," तो म्हणाला. "काल तिथं मी नव्हतोच. माझा जन्मच नाही झालेला. ती मला ओळखत नाही आता."



"काका, थांबतं का हो असं?" मुलानं विचारलं.

टेस्टरला थाप मारता आली असती. सांगितलं ना, तेवढी अक्कल नाही.

"नाही रे बाळा. बंद करून साठलेलं रिकामं केल्याशिवाय वाढ थांबत नाही. रिकामं केलं की सगळं आजचं दिसणार."

बाई मोबाइलकडं बघत राहिली. उद्या रांगती. परवा दुपट्यात. त्याच्या पुढं नुसता सोफा.

ती उठली. प्लगपाशी गेली. हात लावला... आणि थांबली.

"झोपू दे तिला आधी."

तिघंही वाट बघत बसले. मशीनजवळच्या भिंतीवर टिकटिकणारं घड्याळ. मोबाइलवर ती छोटी सोफ्यावरून उतरली. कॅमेऱ्याजवळ आली. अगदी जवळ. टेबलावरून काहीतरी उचललं. मुठीत धरलं. परत जाऊन आडवी झाली. कुशीवर. गुडघे पोटाशी.

डोळे मिटले.

एक श्वास... दुसरा...

बाईनं प्लग काढला.

बऱ्याच वेळानं मुलानंच तो पुन्हा लावला. टीव्ही लागला. मोबाइलवर तो स्वतः दिसला, रडणारा, जेमतेम तीन सेकंद मागे. काम चोख झालं होतं.

टेस्टर सामान आवरायला लागला. टेबलावर टेस्टर नाही. सोफ्याखाली वाकून बघितलं. मशीनखाली, चिंध्यांत चाचपलं. नाही.

सरळ होताना नजर फोटोवर गेली. तीच चिमुरडी, तोच ठिपक्यांचा फ्रॉक. एक हात मांडीवर. दुसऱ्याची मूठ... आवळलेली.

"वहिनी... हिच्या हातात काय आहे?"

बाईनं डोळे पुसत वर पाहिलं. नेहमीचाच फोटो बघावा तसं.

"ते होय. कुठं सापडलं होतं तिला, देव जाणे. झोपतानासुद्धा सोडायची नाही."

साडू आणखी जवळ गेला. पिवळी मूठ. तिच्यावर गुंडाळलेली निळी चिकटपट्टी.