पावणेपाचची हाक

बुऱ्हाणपूरला शनवारा दरवाजाजवळ मुलींची एक शाळा होती. तिच्या गच्चीवरच्या खोलीत पूर्वी मोडकी बाकं टाकत. गणिताच्या शोभाबाईंनी ती खोली झाडून घेतली, भिंतींना चुना मारून घेतला, आणि छप्पन सालच्या संक्रांतीनंतर तिथे बिनतारीचा वर्ग सुरू केला. गाइडच्या सात मुली आणि शेजारच्या शाळेचे पाच स्काउट. महूच्या लष्करी भंगारातून मिळालेला एक जुना रिसीव्हर, दोन हेडफोन, सरावाचा एक बझर, आणि गच्चीवरून कडुनिंबापर्यंत ताणलेली तांब्याची तार, एवढंच सामान. चार वाजता शाळा सुटली की पोरं जिना दणाणत वर येत आणि टिंबं-रेघा घोकत बसत. खाली गल्लीत पॉवरलूमचा खटखटाट चाललेला असे. सुरुवातीला कुणाच्या कानाला काही लागत नसे. महिनाभरात पोरांना लूमच्या आवाजातही अक्षरं ऐकू यायला लागली, आणि बाईंना हसू आलं.

शोभाबाईंचं वय तेव्हा तेहतीस. टिंबं-रेघांचं हे मोर्स त्यांना त्यांच्या नवऱ्याने शिकवलं होतं. नंदकुमार सैन्यात बिनतारीवर होता. लग्नानंतर दोन वेळा लांब रजेवर आला. घरात सासू-सासरे, दीर-नणंदा; दिवसा नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायची सोय नव्हती. मग तो ओसरीवर बसून अडकित्त्याने पानाच्या डब्यावर ठोके द्यायचा आणि ती चुलीपाशी बसून झाकणावर उत्तर द्यायची. घरच्यांना वाटे, पोराला चाळा लागलाय. घरच्यांचं उरकून तिला जेवायला पावणेपाच व्हायचे; रोज तेव्हा त्याचं एकच विचारणं असे. जेवलीस का?

चव्वेचाळीस साली ब्रह्मदेशाच्या वाटेवर तो बेपत्ता झाला. दोन वर्षांनी कागद आला, मृत समजावे. शोभाबाईंनी कपाळ पुसलं, खंडव्याला जाऊन मास्तरकीचं शिक्षण घेतलं, आणि परत येऊन नोकरी धरली.

फेब्रुवारीत एके दिवशी रिसीव्हरवर ऐकायची पाळी कोकिळाची होती. ही तेरा वर्षांची, तुकईथड गावची. शिकायला मावशीकडे राहिलेली. कान फार तयार. बाकीची पोरं बझरवर सराव करत होती. कोकिळाने पेन्सिल थांबवली आणि वही पुढे केली.

"बाई, हे तर मराठीच येऊन राहिलं."

इंग्रजी अक्षरांत तिने लिहिलं होतं, जेवलीस का.

शोभाबाईंनी आधी पोरांकडे पाहिलं. कुणी चेष्टा केली असेल. पण हे शब्द पोरांना कुठून ठाऊक असणार? त्यांनी दुसरा हेडफोन कानाला लावला. खरखर होती, दूरची कुठली तरी स्टेशनं होती, बाकी काही नव्हतं. घड्याळात पावणेपाच वाजून गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः बसल्या. पावणेपाचला खरखर जराशी बाजूला झाल्यासारखी झाली, आणि ठोके आले. सावकाश, स्वच्छ. बिनतारीवाल्यांत प्रत्येकाचा हात वेगळा असतो, हस्ताक्षरासारखा. शब्दाची शेवटची रेघ ओढून लांबवायची, ही खोड शोभाबाईंनी एकाच माणसाची पाहिली होती.

जेवलीस का?

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा खरखर.

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. पण गणिताची बाई होती ती. सकाळी विज्ञानाच्या भाईदास गुरुजींना गाठून सगळं सांगितलं. फक्त हात कुणाचा ते सांगितलं नाही.

"लूमच्या मोटारीचा स्पार्क पकडतो तुमचा सेट," गुरुजी म्हणाले. "माणसाचा कान मग त्याचे शब्द करतो. शुक्रवारी लूम बंद असतात. शुक्रवारी ऐकू."

शुक्रवारी गल्ली चिडीचूप होती. गुरुजींनी हेडफोन लावला. पावणेपाचला त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी हात लांब करून एरियलची तार सेटमधून उपटली. सगळी स्टेशनं मेली. ठोके चालूच राहिले, तेवढेच स्वच्छ.

गुरुजींनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, तार परत जोडली, चष्मा पुसला.

"शोभाबाई, पोरांना बझरच पुरे आहे," एवढं म्हणून ते जिना उतरले. त्यानंतर ते गच्चीवर आले नाहीत.

शोभाबाईंना तर ऐकल्यावाचून राहवेना. रोज पावणेपाचला तोच प्रश्न, आणि नंतर ती लांब शांतता. तो आपल्या उत्तरासाठी थांबतो, हे त्यांना कळत होतं. त्यांच्याकडे उत्तर पाठवायला काही नव्हतं. त्या टेबलाच्या कडेवर बोटाच्या पेराने ठोके देत. जेवले. जेवले हो. लाकडावरचे ठोके खोलीबाहेर जात नव्हते. पेरं सुजली. पोरांना वाटे, बाई ताल धरतात.

मग त्या परवान्याच्या मागे लागल्या. उन्हाळाभर अभ्यास करून परीक्षा दिली. पावसाळा कागदपत्रांत गेला. नोव्हेंबरात नवं राज्य झालं, शाळेचे जे कागद नागपूरला जायचे ते भोपाळला जाऊ लागले. पण परवाना दिल्लीचा होता, तो डिसेंबरात आला. पोरांनी तोवर ट्रान्समीटर बांधत आणला होता. पुठ्ठ्याच्या नळीवर कॉइल गुंडाळली ती कोकिळाने, एकही फेरा दुसऱ्यावर न चढवता. तारांना डाग देताना बोटं भाजली, पण पोरं हटली नाहीत. आपली हाक आता मुंबईला, कुणी सांगावं लंकेलाही जाईल, म्हणून त्यांना कोण आनंद!

हाक पाठवायच्या पहिल्या दिवशी शोभाबाई निळी साडी नेसून आल्या. दहा वर्षांत त्यांनी रंगाची साडी नेसली नव्हती. पोरांना म्हणाल्या, "आज मी पाठवणार. तुम्ही फक्त ऐका. एक हेडफोन आळीपाळीने घ्या."

ऊन कलतं झालं होतं. पावणेपाच वाजले.

जेवलीस का?

त्यांनी ठोके द्यायची किल्ली दाबली. ठोके बरोबर गेले. जेवले.

तिकडे काहीच नाही. मग,

कोण?

शोभा, त्यांनी दिलं. मी शोभा.

त्याचे ठोके आले. शेवटची रेघ लांबवलेली.

शोभा इथे आहे.

बाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं. इथे म्हणजे कुठे?

स्वयंपाकघरात.

दुसऱ्या हेडफोनवर कोकिळा होती. तिने मान वर करून बाईंकडे पाहिलं, आणि परत खाली घालून लिहू लागली.

तिला बोलाव, शोभाबाईंनी दिलं.

दुसरा हात आला. चपळ, हलका, प्रत्येक शब्दाआधी किंचित अडखळणारा. झाकणावर ठोके देताना चुलीकडे लक्ष ठेवावं लागे, म्हणून लागलेलं ते अडखळणं. शोभाबाईंनी तो हात कधी असा बाहेरून ऐकला नव्हता. तो त्यांचाच होता.

तुम्ही कोण?

शोभाबाईंचं बोट किल्लीवर गेलं, पण ठोके आधी तिकडूनच आले.

आमची जेवायची वेळ आहे. हाक मारू नका.

दहा महिने त्या प्रश्नानंतर शांतता येत होती. एका उत्तराएवढी लांब. तो थांबत नव्हता. त्याला उत्तर मिळत होतं.

त्यांनी हेडफोन काढला आणि खोलीबाहेर आल्या. कठड्याला धरून उभ्या राहिल्या. तापीच्या अंगाने वारा येत होता, दूरवर असीरगडाचा डोंगर धुरकट दिसत होता. खाली लूम चालू होते. पोरं हळूहळू दप्तरं घेऊन उतरून गेली. बाईंना कुणी हटकलं नाही.

कोकिळा राहिली होती. वही छातीशी धरून दारात उभी.

"बाई, तुम्ही बाहेर आल्या ना, मग मी तिथंच बसून राहिली."

"बरं."

"त्यांनी विचारलं, ती गेली का?"

शोभाबाई वळल्या. "कुणी विचारलं?"

"पहिले त्याने. मग तिने बी."

"आणि तू?"

"मी किल्लीवर हो दिलं." कोकिळाचा आवाज बारीक झाला. "मग ते दोघं हेच देत राहिले. एकावर एक. बहुत वेळ. हा शब्द तुम्ही शिकवलाच नाही आम्हाला."

तिने वही उघडून दिली. पानभर तेवढंच होतं. चार टिंबं, दोन टिंबं. चार टिंबं, दोन टिंबं.

"काय होतं बाई याचं?"

शोभाबाईंनी पानावरून बोट फिरवलं. वही मिटून मुलीच्या हातात परत दिली. बिनतारीवाले किल्लीवर हसतात, ते असं.