एणाक्षी

"पाटी अर्धवट राहिलीय तुमची."

तिने ओठांत धरलेला ब्रश काढला आणि शिडीवरून खाली पाहिलं. प्राणिसंग्रहालयातले नवे जनावरांचे डॉक्टर उभे होते. काखेत पाडस, हातात दुधाची बाटली.

"पूर्ण आहे. एण. म्हणजे काळवीट."

"मग सरळ काळवीट लिहायचं!"

"फळी आखूड आहे. शेवटचा 'ट' कुंपणाबाहेर गेला असता."

ते खळखळून हसले. पाडस दचकलं... आणि ती उगाचच एक पायरी खाली उतरली.

पाट्या रंगवणं हा तिचा धंदा, आणि अडलेला शब्द पुरवणं हे तिच्या आईचं काम. आई शाळेत संस्कृत शिकवायची. त्या पाटीपुढे लोक थबकायचे, आणि डॉक्टर हातातलं काम टाकून अर्थ सांगायला धावायचे. रोज दुपारी ती रंगाचे डबे घेऊन आली की विचारायचे, "पण हा शब्द वापरायचा कुठे?"

"आईला विचारा."

एका संध्याकाळी ते खरंच दारात हजर! भांग नीट पाडलेला, शर्ट कडक इस्त्रीचा.

"एण नुसता फारसा येत नाही," आई खुशीत म्हणाली. "पण एणाक्षी म्हणतात. काळविटासारखे डोळे असलेली. करा बघू वाक्यात उपयोग."

"ही..." ते अडखळले. नजर तिच्या डोळ्यांकडेच गेली. कान लालबुंद झाले. "म्हणजे... ही एणाक्षी..."

"वाक्य पुरं करा की," आई म्हणाली.

"आई, चहा टाकतेस ना?" ती म्हणाली. आईने दोघांकडे पाहिलं आणि हसू दाबत आत गेली.

"मला दुसऱ्या शहरातून बोलावणं आलंय," ते हळूच म्हणाले. "मोठी नोकरी आहे. उद्या हो की नाही ते कळवायचंय."

गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हतीच.

"नाही कळवा."

"कारण विचारतील..."

"लग्न ठरतंय म्हणावं."

"कुणाशी?"

"माझ्याशी. तुमची हरकत नसेल तर."

हरकत? त्यांनी तिचा हात हातात घेतला — आणि आई चहा घेऊन बाहेर आली, तरी सोडला नाही.