बंद दारामागची घरघर

"बाई, मेलेलं माणूस घरी येऊन काम करत बसतं का?"

वच्छलाबाईंनी खुर्चीवर टेकायच्या आधीच हे विचारलं.

बीडच्या बसस्टँडमागे मंजुषाचं एका खोलीचं ऑफिस होतं. लग्नाआधीच्या चौकशा, विम्याचे दावे, हरवलेली माणसं अशी कामं तिच्याकडे यायची. असा प्रश्न घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं. कोपऱ्यात बसलेल्या हरिओमने हातातला पेपर खाली ठेवला. मोबाइलमुळे त्याचा फोटो स्टुडिओ बंद पडला, तेव्हापासून तो तिची गाडी चालवायचा. वयाने मोठा असूनही तिला मंजुषाताई म्हणायचा.

बाकीचं सगळं सोबत आलेल्या त्यांच्या यजमानांनी, रामकिसन यांनी सांगितलं. शिरूर कासारच्या बाहेर त्यांची वस्ती. मेंढरांचा धंदा. एकुलती मुलगी स्वप्नाली समाजकार्य शिकत होती. ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायांच्या गर्भपिशव्या गरज नसताना काढल्या गेल्या होत्या. स्वप्नाली त्यांना आपल्या खोलीत बसवून बोलतं करायची आणि ते बोलणं लॅपटॉपवर रेकॉर्ड करायची.

गेल्या वैशाखात एके दिवशी दुपारी जेवून ती खोलीत गेली. दिवेलागणीला वच्छलाबाई चहा घेऊन गेल्या, तर दाराला आतून कडी. आत लॅपटॉप चालू असल्याचा आवाज येत होता. बारीक घरघर, मध्येच वाढायची, मध्येच बसायची. हाका मारल्या, उत्तर आलं नाही. अंधार पडल्यावर आवाज थांबला. रामकिसन वळसा घालून मेंढवाड्याकडच्या मागच्या दाराने आत गेले, तेव्हा खोली रिकामी होती. सकाळी जुन्या खदानीच्या पाण्यात स्वप्नाली सापडली.

वस्तीजवळ फोनला रेंज मिळते ती फक्त खदानीच्या काठावर. संध्याकाळपर्यंत मुलगी खोलीत होती, मग अंधारात फोन करायला गेली आणि पाय घसरला, असं पोलिसांनी लिहून घेतलं. पाण्यामुळे डॉक्टरांना मरणाची वेळ नेमकी सांगता आली नाही.

"पन माझा चुलतभाऊ सटवा वेगळंच सांगतो," रामकिसन म्हणाले. "मेंढरं पानी पाजायला गेलता तवा चांगलं ऊन व्हतं. तवाच त्यानं तिची ओढनी बाभळीला अडकलेली पायली म्हनं."

वस्तीने या दोन गोष्टी एकत्र जोडल्या. स्वप्नाली उन्हातच गेली होती आणि मग राहिलेलं काम पुरं करायला घरी आली होती. तिच्या हार्डडिस्कवरच्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटचा बदल त्याच संध्याकाळी झालेला पोलिसांनाही दिसला होता. त्यामुळे तर कुणाला शंकाच उरली नाही.

"ही रोज सांजंला दाराशी चहा ठिवती," रामकिसन म्हणाले. "मी लई समजावलं. आता मलाबी कधी कधी आत कुनीतरी हाय असं वाटतंय."

मंजुषाने काम घेतलं.

ती आणि हरिओम वस्तीवर पोहोचले तेव्हा निम्म्या घरांना कुलपं होती. माणसं ऊस तोडायला गेलेली. रिकाम्या अंगणांतून वारा फिरत होता आणि एका घराचा सुटलेला पत्रा हळूहळू आपटत होता. सटवाने खदानीपर्यंत नेऊन बाभूळ दाखवली. तो बोलताना मंजुषाकडे बघत नव्हता, पाण्याकडे बघत होता. ओढणी वाऱ्याने उडून आली असेल असं त्याला तेव्हा वाटलं. आता तो मेंढरं दुसरीकडे पाजायला न्यायचा.

स्वप्नालीची खोली होती तशीच ठेवलेली होती. मंजुषाने लॅपटॉप उचलून पाहिला. पाटीसारखा पातळ आणि हलका. खालची बाजू गुळगुळीत, कडेला फक्त वायरी लावायच्या दोन खाचा. तो उघडायला स्वप्नालीचं बोट लागायचं, म्हणून ती गेल्यापासून तो कुणालाच चालू करता आला नव्हता. शेजारी एक विटकं फडकं घडी करून ठेवलं होतं. उन्हाळ्यात लॅपटॉप तापला की स्वप्नाली ते ओलं करून त्याच्याखाली घालायची, असं वच्छलाबाई म्हणाल्या.

"त्या दिवशीचा आवाज याचाच होता?" मंजुषाने विचारलं.

"मंग दुसरा कशाचा? दोघी पोरी आत कामाला बसल्या की आसाच आवाज यायचा." दुसरी पोरगी म्हणजे स्वप्नालीची मैत्रीण ऋतुजा, ती नेहमी मेंढवाड्याकडच्या मागच्या दारानेच ये-जा करायची.

कपाटातली हार्डडिस्क मंजुषाने आपल्या लॅपटॉपला जोडली. एकेका बाईचा दबका आवाज खोलीत भरला. मागे कसलीही खरखर नव्हती, बाईने गिळलेला आवंढासुद्धा ऐकू यायचा. काही ठिकाणी मात्र आवाज क्षणभर तुटत होता. "मला तर बाईनंच नेलं दवाखान्यात," असं एक बाई म्हणाली आणि 'तर'नंतर तसाच तुटका क्षण होता. हरिओमला ऐकवेना. तो बाहेर जाऊन उभा राहिला.

मंजुषाने रामकिसननाही बाहेर पाठवलं आणि वच्छलाबाईंना विचारलं, त्या संध्याकाळी दाराशी उभ्या राहून त्या आणखी काय बोलल्या होत्या.

वच्छलाबाईंनी आधी दार लोटून घेतलं. मग त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्वप्नालीला बघायला पाहुणे यायचे होते. तिला लग्न नको होतं, शिकायचं होतं. आईच तिच्या मागे लागली होती.

"त्या सांजंला माझं मन फिरलं. दाराला तोंड लावून म्हनले, पोरी, पाहुन्यास्नी आपुन न्हाई म्हनू. मी तुझ्या बाजूनं हाय. हे मी कुनालाच सांगितलं न्हाई, ह्यांना बी न्हाई. सांगून काय व्हतंय? तिनं उत्तरच दिलं न्हाई."

हरिओमचा संशय सरळ विजयसिंहवर होता. गर्भपिशव्या काढणारं हॉस्पिटल त्याच्या घरचं. वडील पुढारी, मोठी जमीन. त्याने स्वप्नालीला धमकी दिली होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

मंजुषा त्याला भेटली तेव्हा विजयसिंहने धमकी नाकारली नाही. त्या दिवशी दुपारी तो कुठे होता ते त्याला नीट सांगता आलं नाही. संध्याकाळी मात्र तो लिंबागणेशच्या देवळात सत्कार घेत होता आणि शेकडो लोक साक्षीला होते. मुलीबद्दल वाईट वाटत नसल्याचंही त्याने शांतपणे सांगितलं. "ती डिस्क माझ्या हाती लागली असती तर मी तिथंच जाळली असती," तो म्हणाला.

"बघा, स्वतःच्या तोंडानं बोलला," गाडीत बसल्यावर हरिओम म्हणाला.

"हो, आणि खरं बोलला," मंजुषा म्हणाली. 

ऋतुजा शिरूर कासारमध्येच राहायची. तिचे वडील ऊसतोड टोळीचे मुकादम होते आणि टोळीबरोबर गेले होते. आई गीताबाईंनी दारात पाणी आणून दिलं. टोळीतल्या बायांचं दुखलंखुपलं आपणच बघायचो, आता तब्येतीमुळे जाणं होत नाही, असं त्या बोलण्याच्या ओघात म्हणाल्या. ऋतुजा फार वाळली होती. पंखा सुरू झाला की दचकायची, मग आपणच उठून तो बंद करायची.

स्वप्नालीबद्दल ती भरभरून बोलली. दोघींनी मिळून हे काम उभं केलं होतं. रेकॉर्डिंग स्वप्नाली करायची, आवाज स्वच्छ करण्याचं आणि जोडकाम करण्याचं काम ऋतुजाकडे होतं.

"ते काम तिच्या लॅपटॉपवर व्हायचंच नाही. तापला की एकदम मंद पडायचा. माझा तेवढाच पातळ आहे, पण जोरदार आहे." मधल्या तुटक्या जागांबद्दल विचारल्यावर, तिथे खोकला किंवा खडखड असेल, ती काढली असेल, असं ती म्हणाली. मग डोळे पुसत म्हणाली, "सगळं जुळून येत होतं हो तिचं. काकूसुद्धा शेवटी तिच्या बाजूच्या झाल्या होत्या, पाहुण्यांना नाही म्हणणार होत्या. आणि नेमकं तेव्हाच हे झालं."

निघताना मंजुषाने तिला विनंती केली. रेकॉर्डिंगमधला एक भाग स्वच्छ करून हवा होता. आपला लॅपटॉप घेऊन ती उद्या वस्तीवर येईल का? ऋतुजाला नाही म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना सगळे वस्तीवर जमले. रामकिसन, सटवा आणि वच्छलाबाई ओसरीवर होते. मंजुषा ऋतुजाला आणि हरिओमला घेऊन स्वप्नालीच्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी घातली. ऋतुजाने डिस्क जोडली, काम सुरू केलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तिच्या लॅपटॉपमधून बारीक घरघर सुरू झाली. ती हळूहळू वाढत गेली.

बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. पाठोपाठ वच्छलाबाईंचा आवाज आला, अगदी हळू.

"आली."

मंजुषाने कडी काढली. वच्छलाबाई उंबऱ्याशी खाली बसल्या होत्या. आत कोण आहे ते बघून त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं विझलं.

"हाच आवाज होता ना?" मंजुषाने विचारलं. त्यांनी मान हलवली.

"हा ऋतुजाच्या लॅपटॉपमधल्या पंख्याचा आवाज आहे. काम जड झालं की आतला भाग तापतो आणि तो गार करायला पंखा फिरतो. स्वप्नालीच्या लॅपटॉपला पंखाच नाही." तिने तो उचलून सगळ्यांना उलटा दाखवला. "वारा आत जायला जाळी नाही, बाहेर पडायला फट नाही. आतली उष्णता धातूच्या अंगातूनच निघून जाते. त्यामुळे तो तापायचा, मंद पडायचा, म्हणून हे ओलं फडकं. पण तो आवाज करत नव्हता. दबक्या आवाजात बोलणाऱ्या बायांसाठी स्वप्नालीने मुद्दाम असा घेतला होता. तुम्ही आवाज ऐकायच्या तो दोघी आत असतानाच."

"म्हंजी त्या सांजंला ती खोलीत न्हवती?" रामकिसननी विचारलं.

"नव्हती. ती खोलीत होती असं सांगणारा तेवढा एक आवाजच होता. तो काढून टाकला की सटवाभाऊ खरं सांगत होते एवढंच उरतं. ऊन असतानाच ती गेली होती. मग आत दुसरं कुणीतरी होतं. दाराला कडी घालून, निवांत. जिची खोली ती परत येणार नाही, हे त्या माणसाला माहीत होतं. वस्तीत तेव्हा कुणालाच ते माहीत नव्हतं."

हरिओम म्हणाला, "विजयसिंहनं कुणाला तरी पाठवलं असेल."

"त्याने पाठवलेला माणूस डिस्क उचलून नेईल, बसून काम कशाला करेल? इथे बायांचं बोलणं जपून ठेवलंय. काढलाय फक्त एक शब्द. 'मला तर,' मग तुटका क्षण आणि मग 'बाईनंच नेलं दवाखान्यात.' कोणत्या बाईने? टोळीतल्या बायांचं दुखणंखुपणं बघणाऱ्या गीताबाईंनी. 'गीता' तेवढं कापलं, 'बाई' राहिली. हे काम पंख्याच्या लॅपटॉपवर होतं, ते जमणारं माणूस एकच, आणि मागच्या दाराने ये-जा करायची सवयही तिलाच."

ऋतुजा हलली नाही. घरघर चालूच होती.

"तरी मला खात्री नव्हती. काल तू म्हणालीस, काकू पाहुण्यांना नाही म्हणणार होत्या. मला सांगण्याआधी वच्छलाबाई हे एकदाच बोलल्या होत्या, या बंद दाराशी. तेव्हा स्वप्नाली पाण्यात होती. ती तुला सांगू शकत नव्हती."

ऋतुजाने लॅपटॉपचं झाकण मिटलं. तरी आतला पंखा थोडा वेळ फिरत राहिला, मग थांबला. त्यानंतर ती बोलू लागली आणि मध्ये कुणी तिला अडवलं नाही.

खदानीवर तिनेच स्वप्नालीला बोलावलं होतं. आईचं नाव काढ म्हणून हाता-पाया पडली. स्वप्नाली म्हणाली, बायांनी जे सांगितलं ते मी कापणार नाही. ऋतुजाने तिचा दंड धरला, तिने झटका दिला, ओढाताण झाली आणि स्वप्नाली काठावरून पाण्यात गेली. "'ऋतू, हात दे,' म्हणाली. मी वाकले होते. हात पुढं केला असता तर पोचला असता. मला आईचा चेहरा दिसला. मी हात दिला नाही."

त्यानंतर ती मागच्या दाराने खोलीत आली.

"काकू दाराशी आल्या तेव्हा मी श्वास धरून बसले होते. पण काम अर्धवट तोडता येईना आणि पंखा थांबेना. मी लॅपटॉप मांडीखाली दाबला, माझी ओढणी गुंडाळली, तर तो जास्तच तापून पंखा जास्तच फिरायला लागला. आणि त्या बोलत होत्या."

वच्छलाबाई तिच्यासमोर येऊन बसल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"मंग मी बोलले ते तिनं ऐकलंच न्हाई."

"नाही काकू," ऋतुजा म्हणाली. "मी ऐकलं."

पोलिसांची गाडी यायला वेळ लागला. तोपर्यंत ऋतुजाने न कापलेली मूळ रेकॉर्डिंग कुठे ठेवलीयत ते सांगितलं. ती तिने पुसली नव्हती, पुसायला हात धजला नाही म्हणाली. ती ऐकवली गेली तर गीताबाईंबरोबर विजयसिंहचं हॉस्पिटलही चौकशीत येणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. सटवा अंगणात पाठमोरा उभा होता. रामकिसननी मेंढरं वाड्यात घेतली, कारण ती तर घ्यावीच लागणार होती.

गाडी निघून गेल्यावर हरिओमने मंजुषाला हळूच विचारलं की आपण बरं केलं की वाईट. आत कुणीतरी आहे एवढा तरी आधार त्या माउलीला होता. 

तेवढ्यात घरातून वच्छलाबाईंचा हंबरडा ऐकू आला. स्वप्नाली गेल्यापासून वच्छलाबाई एकदाही रडल्या नव्हत्या, हे रामकिसननी त्या दोघांना तेव्हा सांगितलं. मेंढवाड्याचं फाटक तसंच टाकून ते आत धावले.