आत्याचा पत्ता

"अहो, इथे मी बसणार होते."

"मीही."

जुन्या दप्तरांच्या कचेरीत धड उजेड येणारं टेबल एकच होतं, खिडकीजवळचं. तिच्या हातात शिरगणतीचा जाडजूड खंड, त्याच्या काखेत जुन्या नकाशांची गुंडाळी. माघार कुणीच घेईना. शेवटी टेबल निम्मं निम्मं वाटून घेतलं.

"काय शोधताय?" त्याने विचारलं.

"आत्या."

"अं?"

"माझी आत्या. हरवलीय."

त्याने हसू दाबलं. "कधीपासून?"

"पंचावन्न वर्षं झाली."

त्याचं हसू तिथेच विरलं.

मग तिने सांगितलं. आजी गेली तेव्हा बाबा चार वर्षांचे होते. आजोबांना दोन पोरं झेपेनात, म्हणून त्यांनी थोरली मुलगी एका मूलबाळ नसलेल्या जोडप्याला देऊन टाकली. पुन्हा घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. आधी आजोबांचा धाक आणि पुढे संकोच, यात बाबांचं आयुष्य सरलं. त्यांना एवढंच आठवत होतं, की ज्यांच्याकडे ताई गेली ते घड्याळं दुरुस्त करायचे. आता छातीत दुखून उठल्यापासून बाबांचा एकच धोशा होता... ताईला एकदा बघायचंय.

"अर्धी पानं मी वाचतो," तो म्हणाला.

तो परगावचा होता. जमिनीखालचे जुने नळ कुठून गेलेत हे शोधायला त्याला इथे पाठवलं होतं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायची. दुपारी सुटी झाली की थेट इथे यायची, आणि यायच्या आधी वेणी नीट करायची. हे दुसरं तिचं तिलाही उशिरा लक्षात आलं.

"हा 'ळ' आहे."

"'क' आहे हो! तुमचे डोळे एकदा तपासायला हवेत."

"तपासा की..." त्याने मान वर करून सरळ तिच्याकडे पाहिलं. "आत्ता?"

ती घाईघाईने पानावर वाकली. त्यानंतरच्या चार ओळी तिने वाचल्या खऱ्या, पण त्यातलं अक्षरही डोक्यात शिरलं नाही.

आणि एका दुपारी ती ओळ सापडली. कुटुंबप्रमुख, धंदा घड्याळ दुरुस्ती. बायको. मुलगी, वय अकरा, नातं – दत्तक. तिने त्या ओळीवर बोट घट्ट टेकवलं. त्याने त्यावर हलकेच आपला हात ठेवला आणि लगेच काढूनही घेतला.

पण पत्त्यात लिहिलेली गल्ली आता शहरात नव्हतीच. मग त्याने नकाशे पसरले. रस्ता रुंद करताना गल्ली पाडली होती आणि तिथल्या लोकांना पुलापलीकडे घरं दिली होती. तिथली मतदारयादी काढली, तर नाव तेच, वडिलांचं नाव तेच, वयही जुळत होतं. आत्याने लग्न केलेलं दिसत नव्हतं.

कचेरीच्या पायऱ्यांवर वारा सुटला होता. पत्त्याचा कागद तिने मुठीत घट्ट धरला होता.

"मग... उद्यापासून?" त्याने विचारलं.

"उद्यापासून काय, सुटलात तुम्ही!" ती हसत म्हणाली. त्याने 'छे' म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती.

तोही हसला. "हो... सुटलो."

दुसऱ्या दिवशी पुलापलीकडच्या घराचं दार आत्याने उघडलं आणि ती बाबांकडे नुसतं बघत राहिली. मग म्हणाली, "किती रे उशीर केलास!"

बाबा उंबऱ्यातच रडायला लागले. "ताई, तू पुलापलीकडेच होतीस!"

"मला ठाऊक होतं तू कुठे आहेस ते. तुझं लग्न मी रस्त्यावरून पाहिलंय."

"मग आत का नाही आलीस?"

"वाटलं, बोलावशील."

त्यानंतरचे दिवस भुर्रकन गेले. भावाबहिणीचं बोलणं संपेना, भांडणंही संपेनात. आत्या चार दिवस म्हणून आली ती राहिलीच. त्या गडबडीत भाची मात्र उगाचच फोन हातात घेऊन बसायची. त्याचा नंबर होता. पण पहिला फोन त्याने करावा... एवढं तर त्याने करावं! आज करेल, उद्या करेल म्हणता म्हणता दोन महिने लोटले.

"ते नकाशेवाले कधी येणार ग?" आत्याने एकदा विचारलं. "मला भेटायचंय त्यांना."

"बोलावलं नाही मी. वाटलं, येतील आपणहून."

भाजी निवडता निवडता आत्याचा हात थांबला. "फोन कर. आत्ताच्या आत्ता."

त्याने पहिल्याच घंटेला उचलला.

"आत्या सापडल्या?"

"सापडली. तुम्हाला भेटायचं म्हणतेय."

"मी गावी परत आलो हो. खरं तर माझं काम कधीच संपलं होतं... ती घड्याळवाल्यांची ओळ सापडायच्याही आधी."

"मग रोज यायचात ते?"

"तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?"

तिने उत्तर द्यायच्या आत तोच हळूच म्हणाला, "माझं लग्न ठरलंय. गेल्या रविवारी."

"...अभिनंदन." मग न राहवून तिने विचारलं, "त्या दिवशी मी 'सुटलात' म्हणाले नसते तर?"

"मी म्हणणार होतो, सुटायचंय कुणाला! पण तुम्ही इतक्या खुशीत होतात..."

"मी तुमच्या 'छे'ची वाट बघत होते."

त्याच्याकडे कुणीतरी त्याला हाक मारत होतं.

"चांगली आहे ती?" तिने विचारलं.

"चांगली आहे."

"मग मनात असेल ते तिला वेळच्या वेळी सांगत जा."

"हो," तो म्हणाला. "तुम्हीसुद्धा."

ती बाहेरच्या खोलीत आली. बाबा पेपर वाचत होते.

"येतायत का?" आत्याने विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली. आत्याने सरकून शेजारी जागा केली. ती तिथे बसली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.