बुधवारचा कागद

पाळणाघराची वही सकाळच्या घाईत कोरीच राहिली होती. केतकीने ती कचेरीतल्या टेबलावर उघडली आणि तारीख लिहिली: रेइवा ७, डिसेंबर ९, मंगळवार. साडेतीन वर्षांत एवढी मोजकी जपानी अक्षरं तिच्या हातात बसली होती. इथे सम्राटाच्या कारकिर्दीची वर्षं मोजतात, हे तिला ओवी झाल्यावर कळलं. मुलांचा प्रत्येक कागद ते वर्ष मागतो.

खालच्या मजल्यावर लाँड्रीची यंत्रं सुरू झाली की टेबल थरथरायचं. आत्ताही थरथरत होतं. तेवढ्यात दारात एक उंच, किडकिडीत मुलगा येऊन उभा राहिला.

"दीप्ती सहस्रबुद्धे?"

"मी नाही, त्या," केतकी म्हणाली.

दीप्तीताई खिडकीशी चहा घेत होत्या. चोवीस वर्षांपूर्वी त्या नवऱ्यामागून जपानला आल्या. कोर्टात दुभाष्याचं काम करता करता खोटं ऐकायला कान सरावला, आणि पुढे रीतसर नोंदणी करून त्यांनी ही शोध-कचेरी थाटली. केतकी आठवड्यातून तीन दिवस त्यांचे अहवाल टाइप करायची. कोणाशी तरी मराठीत बोलायला मिळतं, हा त्यातला खरा पगार.

"बस रे. नाव?"

"जयेश. मी चोर नाही, एवढं तुम्ही सिद्ध करून द्या. फक्त तेवढंच."

"कसली चोरी?"

जयेशने सांगितलं ते असं. नदीकाठच्या मैदानांवर हौशी फुटबॉलची रविवारची लीग चालते. तिसऱ्या गटात हिगाशी-कसाईतल्या मराठी इंजिनिअरांचा एक संघ आहे, कसाई एफसी.

"नाव कोणी ठेवलं?" केतकीने विचारलं.

"श्यामदादाने, आमच्या कॅप्टनने. त्याची आई अजून कोणाला सांगत नाही."

एप्रिलपासून सतरा सामने झाले. परवा रविवारी अठरावा आणि शेवटचा. जिंकले असते तर संघ वरच्या गटात जाणार होता. पण सामन्याआधी प्रत्येक खेळाडूचं फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागतं. श्यामने बॅग उघडली, निळी फाइल काढली, आणि आत ओळखपत्रांऐवजी भलताच कागद निघाला. पंचांनी वाकून माफी मागितली आणि समोरच्या संघाला तीन-शून्यने विजयी घोषित केलं.

"आणि ओळखपत्रं?"

"काल मिळाली. स्टेशनच्या हरवले-सापडले खिडकीत. कोणीतरी बाकावर ठेवून गेलं होतं. अठराच्या अठरा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, नंबरवारी लावलेली."

"मग तुझ्यावर का आळ?"

जयेशने फोन पुढे केला. निळ्या फाइलमधल्या कागदाचा फोटो होता. "शेजारच्या उरायासु गावच्या पालिकेचं कचऱ्याचं वेळापत्रक आहे, कोणत्या वारी काय टाकायचं त्याचं. संघात उरायासुला राहणारा मी एकटा. शिवाय जपानी वाचता येतं म्हणून मॅचचा तक्ता मी भरतो, फाइल माझ्या हातात असते. आणि ज्यांच्याशी सामना होता, त्यांचा एक जण माझ्या ऑफिसात आहे. झालं."

केतकीने फोटो मोठा केला. कागद जपून वापरलेला होता. कोपऱ्यात 'रेइवा ६' छापलं होतं. प्रत्येक वारापुढे कोणीतरी पेन्सिलीने बारीक चित्रं काढली होती: सोमवारपुढे माशाचा काटा, बुधवारपुढे दोरीने बांधलेला वर्तमानपत्रांचा गठ्ठा, शुक्रवारपुढे बाटली. अगदी तळाशी एक ओळ हाताने लिहिलेली.

"चित्रं लहान मुलाने काढलीत," ती म्हणाली.

 दीप्तीताईंनी फोटो बराच वेळ पाहिला आणि फोन परत दिला. "तू इथे कधीपासून?"

"जुलैमध्ये आलो पुण्याहून. सीझन अर्धा झाला होता, तरी श्यामदादाने घेतलं मला." तो थांबला. "येत्या रविवारी सगळे जमून ठरवणार आहेत, मला ठेवायचं की काढायचं. ताई, मी एकटा राहतो. सोमवार ते शनिवार मी ऑफिसातलं 'ओत्सुकारे-सामा', म्हणजे 'दमलात हां', एवढं सोडून दुसरं काही बोलत नाही. रविवार गेला तर..."

 खाली यंत्र थांबलं आणि टेबलाची थरथर थांबली.

*

श्याम त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत भेटला. बोलता बोलता तो सारखा कोटाचा खिसा चाचपत होता.

"शनिवारी संध्याकाळी सगळे माझ्याकडे जेवायला होते. त्याआधी मी ओळखपत्रं मोजली, फाइल बॅगेत ठेवली. सकाळी निघताना कप्पा चाचपला, फाइल हाताला लागली. उघडून कशाला बघू?"

"बॅग कुठे होती?"

"आतल्या खोलीत, मुलांच्या कोटांखाली. बायका-मुलं आत, आम्ही बाहेर. जयेश मध्येच तक्त्याचा कागद आणायला आत गेला होता, बरं का."

"आणि तो कागद उरायासुचा, हे तू कसं ओळखलंस?"

"तेवढी अक्षरं येतात ना. ट्रेनमध्ये रोज बघतो."

"बाकीची?"

"बाकीची कोण वाचतं?" श्याम हसला, मग गंभीर झाला. "सात वर्षं मी या गल्लीत राहतोय, ताई. सात वर्षांत पहिल्यांदा वर जायची संधी होती. वरच्या गटाचे सामने लांब, त्सुकुबाच्याही पलीकडे. दोन गाड्या भाड्याने घ्यायचं ठरलं होतं. मी आदल्या रविवारी सगळ्यांना सांगूनही टाकलं: पुढच्या वर्षी फक्त खेळाडू, पिकनिक बंद."

"पिकनिक म्हणजे?"

"अहो, बायका सतरंजी घालून बसतात ना मैदानाच्या कडेला. थर्मास, डबे, पोरं."

सुशांत संघाचा पुढच्या फळीतला खेळाडू. ऑक्टोबरपासून श्यामने त्याला बाकावर बसवलं होतं. स्टेशनबाहेर तो उभ्याउभ्याच बोलला.

"राग होताच. पण मला चोरायचं असतं तर मी श्यामचे बूट चोरले असते. कुबट वास येतो, जगाचं भलं झालं असतं."

"शनिवारी आत गेला होतास?"

"आत वहिनी लोकांचा दरबार. तिथे गेलं की 'लग्न कधी' विचारतात. मी बाल्कनीजवळची खुर्ची सोडली नाही, कोणालाही विचारा."

"तुझ्या घरचा कचरा कोण टाकतं?"

सुशांत चक्रावला. "रूममेट. का? त्याने तक्रार केली का?"

*

बुधवारी सकाळी ओवीला पाळणाघरात सोडून केतकी सायकलवरून थेट अनुराधाच्या इमारतीशी पोचली. दीप्तीताई आधीच आल्या होत्या. अनुराधा म्हणजे गोलकीपर भानुदासची बायको. शनिवारी आतल्या खोलीत तीही होती.

ती जिन्यातच भेटली. दोरीने बांधलेला रद्दीचा गठ्ठा घेऊन वर चढत होती.

"खाली ठेवून आले, तर मॅनेजर-सान परत घेऊन जा म्हणाले. इथे कागद सोमवारी. माझ्या डोक्यात मेला बुधवारच बसलाय."

घर लखलखीत होतं. इतकं आवरलेलं घर पाहून केतकीला कसंसंच झालं. दिवसभर दुसरं काही करायला नसलं की घर असं होतं, हे तिला ठाऊक होतं. ओवीच्या आधीचं पहिलं वर्ष तिचंही असंच गेलं होतं.

"शनिवारी कोणी बॅगेला हात लावताना दिसलं?" दीप्तीताईंनी विचारलं.

"नाही. म्हणजे लक्ष नव्हतं. मुलं दंगा करत होती."

"संघात कधीपासून आहात तुम्ही?"

"एप्रिलपासून. हे खेळतात, मी आपली सतरंजीवर." अनुराधाने कपांत चहा ओतला. "पण मला आवडायचं. शनिवारी रात्रीच मी थालीपीठाचं पीठ भिजवायची. पाऊस असला आणि सामना रद्द झाला, की माझाच चेहरा उतरायचा. हे म्हणायचे, गोल तू खाल्लेस की मी?"

तिने कप पुढे सरकवले. मग तिने अचानक विचारलं, "जयेशभाऊंना खरंच काढणार का हो?"

"तसं दिसतंय."

तिने कप खाली ठेवला. "आणि तो कागद? फाइलमधला. फेकून नाही ना दिला कोणी?"

"श्यामकडे आहे," दीप्तीताई म्हणाल्या आणि उठल्या. "चहा छान झाला होता."

खाली आल्यावर केतकी म्हणाली, "काहीच हाती लागलं नाही ना?"

"तसं वाटतं तुला?" दीप्तीताईंनी हातमोजे चढवले. "रविवारी यायचं आपण. ओवीलाही आण."

*

रविवारी नदीवरून बोचरा वारा सुटला होता. सामना नव्हता, पण सतरंजी अंथरलेली होती. ओवी चेंडूमागे धावत होती, आणि केतकी हाक मारेल तेव्हा 'इया' म्हणत होती. इथल्या मुलांना 'नाही' आधी जपानीत येतं.

जयेश सगळ्यांपासून चार हात दूर, हात खिशात घालून उभा होता.

"तो कागद देतोस?" दीप्तीताईंनी श्यामला म्हटलं. त्यांनी तो सतरंजीवर ठेवला आणि चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवले.

"सामना घालवायचा होता, पण ओळखपत्रं नाही. वैरी असता तर त्याने ती नदीत फेकली असती. इथे ती नंबरवारी लावून स्टेशनवर ठेवली, कारण या देशात ठेवलेली वस्तू परत मिळते. म्हणजे ज्याने नेली, त्याचा या संघावर जीव आहे."

"जीव असणारा संघाला हरवेल कशाला?" श्याम म्हणाला.

"तेही सांगते. आधी हा कागद. तू फक्त गावाचं नाव वाचलंस. कोपरा वाच."

श्याम वाकला. "रेइवा... सहा."

"आणि आता चाललंय सात. केतकी रोज पाळणाघराच्या वहीत लिहिते. हे वेळापत्रक एप्रिलला सुरू होऊन मार्चला संपतं. हे गेल्या मार्चमध्येच बाद झालं. जयेश आला जुलैमध्ये. आल्यावर त्याला नवीन मिळालं असणार. जुनं त्याला देईल कोण?"

सुशांतने हळूच शीळ घातली. केतकीचे कान तापले. तो आकडा तिने मंगळवारी पाहिला होता, आणि त्याच टेबलावर दुसरा स्वतःच्या हाताने लिहिला होता.

"दुसरं, ही चित्रं. मुलाने काढलेली नाहीत, फार नेटकी आहेत. जिला अक्षरं वाचता येत नाहीत, तिच्यासाठी शेजारच्या कोणीतरी काढून दिलेली आहेत. जयेशला चित्रं कशाला लागतील? तो वाचतो. आणि कागदाला एक डाग नाही, घडी फाटलेली नाही. बाद झालेलं कचऱ्याचं वेळापत्रक इतकं जपून कोण ठेवतं?" त्यांनी श्वास घेतला. "जयेशने मला एवढंच विचारलं होतं की तो चोर नाही हे सिद्ध करा. ते झालं. माझं काम इथे संपलं."

 पलीकडच्या मैदानावर कोणाची तरी शिट्टी वाजली.

"माझा आहे तो कागद," अनुराधा म्हणाली.

भानुदास वळला. हा कागद वर्षभर त्याच्या घरच्या फ्रिजवर होता, आणि आठवडाभर फोनवर त्याचा फोटो बघूनही त्याने तो ओळखला नव्हता.

"मार्चपर्यंत आम्ही उरायासुला होतो," ती म्हणाली. "कोणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. तशी निळी फाइल माझ्याकडे एकच होती, ती शनिवारी पिशवीतून नेऊन बदलली, आणि घाईत हा आतच राहिला. श्यामभाऊ कप्पा चाचपतात, रिकामा लागला असता. वाटलं, मैदानावर गडबडीत परत काढून घेईन. पण लगेच फोटो निघाला. मग जयेशभाऊंचं नाव आलं, आणि माझी जीभच उचलेना."

"बुधवारी तुम्ही रद्दी घेऊन खाली गेलात," दीप्तीताई मऊ आवाजात म्हणाल्या. "या कागदावर रद्दीचा वार बुधवारच आहे. आणि कागद फेकला का, हे चोराने विचारलं नसतं. ज्याचा होता त्यानेच विचारलं."

"पण का?" श्यामचा आवाज चढला. "सात वर्षं, वहिनी."

"तुम्ही म्हणालात, पिकनिक बंद." ती सतरंजीची दशी बोटाला गुंडाळत होती. "तुमची पिकनिक हो. मला आठवड्यातून एकदा माणसं दिसायची. चूक झाली. फार वाईट झालं माझ्या हातून."

"अगं, मला बोलायचंस," भानुदास म्हणाला.

"कधी?"

भानुदास तिच्या शेजारी खाली बसला. श्यामही सतरंजीच्या कडेला टेकला.

मग दीप्तीताईंनी जयेशला हाक मारली. "इकडे ये. तळाची ओळ वाचून दाखव. यांना ती कधी वाचता आली नाही."

केतकीला कळलं, दीप्तीताईंनी ती मंगळवारीच वाचली होती.

जयेश नाखुशीने चार पावलं पुढे आला आणि गुडघ्यावर बसला. "म्हातारं अक्षर आहे," तो पुटपुटला. मग थांबत थांबत वाचू लागला. "'बुधवारी रद्दी ठेवून झाली की मी जिन्यात थोडा वेळ थांबते. चहा असतो. तुम्हाला वेळ असला तर या. मीही एकटीच आहे. मोरिता.'"

अनुराधा कागदाकडे बघत राहिली. "थांबायच्या त्या," ती म्हणाली. "दर बुधवारी. मला वाटायचं, मी गठ्ठा नीट बांधलाय की नाही ते बघतात. मी मान लववून पळून यायची. घर सोडताना वाटलं, एवढी चित्रं काढून दिली, टाकवत नाही." मग तिने विचारलं, "असतील का हो अजून तिथे?"

जयेश उठला. पँटवरची माती झटकली. श्यामने सतरंजीवर सरकून त्याच्यासाठी जागा केली होती, ती त्याने पाहिली, पण तो लगेच बसला नाही.

"मी रागावलोय, वहिनी," तो म्हणाला. "बराच. पण बुधवारी मी ऑफिसला उशिरा जाऊ शकतो. आठ वाजता उरायासु स्टेशनच्या बाहेर या. बोलायला कोणीतरी लागेल ना."

"रद्दी घेऊन येऊ?" अनुराधाने विचारलं, आणि मग तिला रडू आलं.

संध्याकाळी केतकीने ओवीला सायकलवर बसवलं आणि घरी आली. लिफ्टपाशी शेजारच्या बाई उभ्या होत्या. रोज असायच्या. रोजच्यासारखी मान लववून केतकी पुढे झाली, मग थांबली, आणि त्या बाईंच्या दारावरची नावाची पाटी पहिल्यांदाच एकेक अक्षर लावत वाचू लागली.