भाड्याचा बाप

पहाटेच्या बसनं चार पोरं कोट्याला परीक्षेला निघणार होती. रात्री जेवणं उरकल्यावर ती रामधनकाकांच्या ओट्यावर येऊन टेकली. त्यातला एक सहज म्हणाला, "राहायचं कसं, काका? लॉजवाले म्हणे सोबत मोठं माणूस मागतात. पण तिथं मिळतो कुणीतरी. चहापाण्याला दिलं की बाप म्हणून उभा राहतो."

काकांनी विडी दगडावर घासून विझवली.

"मिळतो," ते म्हणाले. "माझ्या साडूच्या पोरालाही मिळाला होता."

साडूचं नाव कान्हीराम, गाव बुंदीच्या पलीकडचं. त्याची दोन पोरं. थोरला देवकरण, सोळाचा, अभ्यासात तरबेज. धाकटा छीतर, चौदाचा. हा पाचवीपुढे शाळेत टिकला नाही. आधी हात चालायचा, मग तोंड, डोकं सगळ्यात शेवटी. पण थोरल्यावर जीव असा की त्याच्या ताटातली भाकरी उचलल्याशिवाय याला जेवण जात नसे.

गेल्या जेठात, भर उन्हाळ्यात, देवकरण एकटाच परीक्षेला गेला. बसस्टँडमागच्या लॉजवाल्यानं विचारलं, मोठं माणूस कोण आहे? तिथं कट्ट्यावर घासीलाल बसलेला असे. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध. सगळी गल्ली त्याला बाऊजी, म्हणजे वडील, म्हणायची. त्यानं देवकरणच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "माझाच मुलगा आहे." खोली मिळाली. बाऊजी आपल्या घरी गेला.

त्या रात्री पोराला दिवसभराच्या उन्हाची लू बाधली. उलट्या, जुलाब. घरी कळवण्याइतकी शुद्ध राहिली नाही. लॉजवाल्यानं डॉक्टर आणला नाही, बापाला फोन केला. म्हणजे बाऊजीला. बाऊजी म्हणाला, "कसला मुलगा? मला मुलगाबिलगा नाही." फोन बंद करून तो कुशीवर वळला. सकाळी देवकरण मोरीत सापडला. गाल फरशीला चिकटलेला. संध्याकाळपर्यंत फिनेल ओतून तीच खोली दुसऱ्या पोरांना दिली होती.

"थू," ओट्यावरचा एक म्हणाला.

"छीतरही तेच म्हणायचा," काका म्हणाले.

आता, जिथं मरण आलं तिथून जीव घरी आणावा लागतो, हे तुम्हाला सांगायला नको. देवकरणचा आणलेला नव्हता. त्याच्या आईनं अन्न टाकलं. घास तोंडाशी नेला की म्हणे, पोरगं बाहेर उपाशी आहे. दिवाळीपर्यंत तिची हाडं मोजता येऊ लागली. कान्हीराम खाटेला खिळलेला. तेव्हा रूप चौदसला, दिवाळीच्या आदल्या रात्री, असे जीव घरी आणणारा भोपा गोबरीलाल आणि छीतर कोट्याला गेले. जवळ एक दिवा, थोडे गहू आणि देवकरणचा सदरा.

लॉजवाला नाकाला रुमाल लावूनच वर आला. "गिऱ्हाईकं आहेत. ढोलबिल नको. लवकर आटपा."

"शेठ, नाक कशाला झाकता?" छीतर म्हणाला. "वास तुमच्याच खोलीचा आहे."

वास होताच. वर फिनेल, आणि खाली काहीतरी आंबट, जुनं. चादर बदललेली, पण गादीवरचा डाग तोच. उशाशी कुणीतरी समोसा खाऊन कागद टाकलेला. छीतरनं तो कागद उचलून बाहेर फेकला. भाऊ गेला त्या जागी लोक समोसे खातात.

त्यानं मोरीच्या कडेला दिवा लावला. हाक मारली, "देवकरण, कान्हीरामच्या पोरा, घरी चल."

दिवा विझला. वारा नव्हता.

पुन्हा लावला. पुन्हा विझला.

भोप्यानं गहू टाकून पाहिले. म्हणाला, "इथं नाही तो. बापाकडे गेलाय."

"बाप गावात खाटेवर पडलाय, भोपाजी."

"तो नव्हे. ज्यानं डोक्यावर हात ठेवला, तो."

घासीलालचं घर पलीकडच्या बोळात. छीतर दार फोडायच्याच बेतानं गेला होता. पण दार उघडंच होतं. आत पिवळा दिवा. कोपऱ्यात म्हातारा बसलेला, हातात ओलं फडकं. धोतर मळून काळं झालेलं. कपाळावर गंध नव्हतं. उंबऱ्याशी लहान पोराची एकच चप्पल पडली होती.

आणि तोच वास. फिनेलशिवाय.

"न्यायला आलात?" म्हातारा म्हणाला. "न्या बाबांनो. आत्ताच्या आत्ता न्या. रोज येतो. बाऊजी, पाणी... बाऊजी, पाणी... पाणी दिलं की ओकतो. सकाळपर्यंत पुसत बसतो मी. मला तर अन्नाची शिसारी आलीय."

"तुला शिसारी आली?" छीतरनं त्याची गचांडी धरली. "तुला?"

भोप्यानं त्याला मागं ओढलं. म्हाताऱ्याला म्हणाला, "तोंडानं म्हण, हा माझा मुलगा नाही. मग सुटेल तो."

"म्हटलं की. शंभर वेळा म्हटलं." म्हातारा रडायला लागला. "फोनवरही तेच म्हटलं होतं. ते ऐकूनच तर आला."

भोप्यानं उरलेले गहू खाली ठेवले.

"मग बाप असतास तर जे केलं असतंस ते कर," तो म्हणाला. "जवळ जा. डोकं धर त्याचं."

"नाही... मला किळस येते. ते ओलं असतं."

"किती पोरांचा बाप झालास रे तू?" छीतरनं विचारलं.

"कोण मोजतं? सीझनला रोज दोन-चार. लहान-मोठी सगळी."

दिवा मंदावला.

भिंतीपाशी काहीतरी हललं. दिसत काही नव्हतं. आवाज मात्र आला. पोट पिळवटून यावा तसा. एकदा. मग पुन्हा.

छीतरनं तो आवाज ओळखला. लहानपणी जत्रेतून आल्यावर देवकरण असाच ओकायचा. आई त्याच्या कपाळाला तळवा लावून बसायची.

छीतर पुढे गेला. पाय काहीतरी कोमट, चिकट अशा ओलीत पडला. त्यालाही किळस आली. तो थांबला नाही. उकिडवा बसला. तळवा पुढे केला. हवेत.

आणि तळव्यावर कपाळ टेकलं.

गार. ओलं. जड...

"ओक, दादा," छीतर म्हणाला. "मी धरलंय."

किती वेळ गेला त्याला कळलं नाही. मनगटावरून काही ओघळत राहिलं. त्यानं हात काढला नाही.

मग सगळं शांत झालं. कपाळ हलकं झालं... नाहीसं झालं.

भोप्यानं बरोबर आणलेला दिवा लावला. ज्योत सरळ उभी राहिली.

"आता नाही ना येणार?" म्हाताऱ्यानं विचारलं. छीतर त्याच्या उंबऱ्यावर थुंकला आणि बाहेर पडला.

वाटेत बोलायचं नसतं, मागं बघायचं नसतं. परतीच्या भाड्याच्या जीपमध्ये दिव्याला हाताचा आडोसा धरून तो बसला. बुंदीचा घाट उतरताना मागच्या बाकावर कुणीतरी सरकून जागा केल्यासारखं वाटलं. जीपमध्ये तर तिघंच होते, तो, भोपा आणि ड्रायव्हर. त्यानं बघितलं नाही.

उजाडता उजाडता ते घरी पोचले. आईनं उंबऱ्याच्या आत पीठ पसरून ठेवलं होतं. छीतरनं दिवा देवळीत ठेवला. सगळे मागे सरून थांबले. ज्योत हलली नाही. मग आई भिंतीला धरून पुढे आली आणि पिठाकडे वाकली.

देवकरणची पावलं तिनं लगेच ओळखली. डावा अंगठा बाहेर वळलेला. तिनं तिथंच बसकण मारली आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा म्हणाली, "भाकरी आण रे."

छीतर भाकरी आणायला वळला, आणि अर्ध्या वाटेत थांबला.

देवकरणच्या पावलांच्या बाजूनं आणखी पावलं आत गेली होती. लहान. दहा-अकरा वर्षांच्या पोराची असावीत. एका पायात चप्पल होती. दुसरा पाय अनवाणी.