भर बाराची सावली

"तोंड उघडा."

पहिल्याच भेटीत कुणी पुरुष एखाद्या मुलीला असं म्हणतो का? पण तो म्हणाला खरा, आणि तेही मान वर न करता. गंमत म्हणजे तिचं तोंड आधीच उघडं पडलं होतं. दार ढकलून ती आत आली तर समोरच्या टेबलावर पंचवीस-तीस कवळ्या ओळीने मांडलेल्या, आणि सगळ्या तिच्याकडे बघून हसत होत्या.

"अजून थोडं," डोळ्याला भिंग लावून तो वळला... आणि थांबला. "अरेच्चा! तुमचे तर सगळे स्वतःचेच आहेत."

"म्हणजे काय! बत्तीसच्या बत्तीस."

"अठ्ठावीस," तो म्हणाला. "अक्कलदाढा दिसत नाहीत."

आता यावर रागवावं की हसावं? ती हसली. तिथेच फसली असं मी म्हणेन, पण ते तिला कळायला अजून वेळ होता.

तर तो कवळ्या बनवणारा. समोरच्या आजींची खालची कवळी सैल झाली होती, त्या यायच्या होत्या, आणि आली ही. गल्ली त्याला कवळीवाला म्हणायची. ती एका संस्थेतली. ही संस्था गल्लोगल्ली फिरून लोकांना उन्हाची वीज घ्यायला राजी करायची, आणि कुठल्या गच्चीवर किती सावली पडते हे मोजायचं काम हिचं. म्हणून ऑफिसात ती सावलीवाली. दोघांनाही आपापल्या नावाचं काही वाटत नसे, मग आपल्याला तरी का वाटावं?

"गच्ची बघायची होती," ती म्हणाली.

"गच्ची बघा, घर बघा, स्वयंपाकघर बघा," आतून खणखणीत आवाज आला. "मुलगा तर बघितलातच!"

"आत्या!" कवळीवाला कानापर्यंत लाल झाला. आत्यानेच त्याला लहानाचा मोठा केला होता, त्यामुळे तिच्या तोंडाला झाकण नव्हतं.

सावलीवालीने मग घाईघाईने कामाचं काढलं. गल्लीतल्या निदान वीस गच्च्यांवर पुरेसं ऊन पडायला हवं. तसं झालं की सगळ्यांची मिळून एक मोठी बॅटरी बसते आणि वीज गेली तरी गल्लीला पत्ता लागत नाही. एकोणीस गच्च्या या हिशेबात बसल्या होत्या. बाकीच्या घरांवर उतरती कौलं. राहिली होती फक्त ही एक.

"आणि नाही बसली तर?"

"मग दोन वर्षं थांबायचं. पुढच्या यादीपर्यंत."

त्याने हातातलं भिंग हळूच खाली ठेवलं. "दोन वर्षं थांबायला मी इथे नसेन हो. भट्टीत दात भाजत असताना वीज गेली की तडे जातात. मागच्या आठवड्यात तीनदा गेली, तीन कवळ्या फुकट. दुसऱ्या शहरात दातांचा मोठा कारखाना आहे, त्यांनी बोलावलंय. महिनाअखेर कळवायचंय." आणि मग कवळ्या सारख्या करत, "मला जायचं नाहीये..."

ते शेवटचं वाक्य त्याने कवळ्यांना सांगितलं की तिला, कोण जाणे. ती मात्र घरी जाईपर्यंत तेच आठवत राहिली.

दोन दिवसांनी सकाळी नऊला ती गच्चीवर हजर. काचेचा डोळा असलेली एक चौकोनी पेटी तिपाईवर बसवायची, ती दर पाच मिनिटांनी ऊन नोंदवत राहते. आपण तीन वाजेपर्यंत शेजारी बसायचं. कबुतर बसलं तर हाकलायचं, ढग आला तर वही उघडून वेळ टिपायची. झालं काम! कंटाळवाणं, पण सावलीवाली त्यात पटाईत. सहा वर्षांत तिच्या नोंदीत कुणाला चूक सापडली नव्हती, आणि तिला त्याचा चांगलाच तोरा होता.

बाराच्या ठोक्याला जिन्यावर पावलं वाजली. कवळीवाला, आणि त्याच्या हातात ही एवढी मोठी काळी छत्री!

"वीज गेली. खाली बसून करू काय?" तो म्हणाला. "आणि आत्या म्हणाली, पोरगी वाळेल उन्हात."

"मला सवय आहे उन्हाची."

"तुम्हाला असेल. मला नाहीये ना, तुम्हाला असं उन्हात बघायची."

तो मागे उभा राहिला आणि छत्री तिच्या डोक्यावर धरली. ती नको म्हणाली. पण असं नको म्हणाली की कुणाही शहाण्याला त्यातला हो ऐकू यावा.

"तुम्ही सारखं माझ्या दातांकडे का बघता?"

"धंद्याची खोड. तुमचा डावा सुळा जरासा पुढे आलाय."

"वाकडा आहे म्हणा की सरळ!"

"वाकडा नाही हो... कसं सांगू? सरळ दात कुणीही करतं. पण असा दात कुणी करून मागितला, तर मला नाही जमायचा. हसताना तो आधी दिसतो, मग बाकीचे येतात."

 आता हसायची पंचाईत, कारण हसली की तो सुळा दिसणार! तिने ओठ घट्ट मिटले, मग त्याचा चेहरा बघून तिला हसू फुटलंच, आणि ते बघून तोही सुटला. मागून बोलणं अवघड जातं म्हणून तो जरा बाजूला सरकला, ती जरा वळली... पाऊण तास कसा गेला कळलं नाही. एरवी कावळ्याची सावली पडली तरी टिपून ठेवणारी ही बाई, पण त्या पाऊण तासात वहीत एक अक्षर नाही.

आठवड्याने अहवाल तयार झाला. गच्ची नापास! बारा ते पाऊण एवढा वेळ पेटीवर सावली. तिने आजूबाजूच्या गच्च्यांचे फोटो काढून बघितले. शेजारच्या गच्चीवर उंच पाण्याची टाकी होती. "शेजारच्या टाकीची सावली," तिने लिहिलं, सही केली, आणि जड पावलांनी त्याला सांगायला गेली.

"टाकी हलवता नाही येणार?"

"आठ घरांचं पाणी आहे तिच्यात."

"हं." तो साच्यातलं मेण खरवडत राहिला. "मग निघायलाच हवं. तुम्ही कशाला तोंड पाडता? तुमची काय चूक त्यात?"

तिला रडू आलं, ते तिने रस्त्यावर येईपर्यंत आवरलं.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत, ऑफिसच्या अंगणात बसून ती डबा खात होती तेव्हा तिचं लक्ष सहज खाली गेलं. भर बारा वाजलेले. खांबाची सावली खांबाच्या पायाशी. झाडाची झाडाखाली. तिची स्वतःची तर मांडीखाली सापडेना. घास हातातच राहिला. भर बाराला टाकीची सावली उडी मारून शेजारच्या गच्चीवर जाईलच कशी?

"अगं बाई... छत्री!"

डबा तसाच टाकून ती आत पळाली. कॉम्प्युटरवर तो पाऊण तास डोळ्यांसमोर होता. एक बटण दाबलं असतं तर तो गळून गेला असता, गच्ची पास, कुणाला काही कळलं नसतं. तिचं बोट बटणावर गेलंही होतं. खोटं कशाला सांगू? पण मग तिने स्वतःलाच विचारलं, चूक सुधारायची म्हणून दाबतेस, की कवळीवाला जाऊ नये म्हणून? आणि उत्तर ऐकून तिने हात मागे घेतला.

संध्याकाळी पाचला शाळेच्या वर्गात गल्लीची सभा. संस्था ज्यांनी उभी केली त्या मोठ्या बाई बोलायला उभ्या राहिल्या. निवृत्त विज्ञानशिक्षिका, आवाज असा की मागच्या बाकावरचे आजोबासुद्धा ताठ बसावेत. "मला वाईट वाटतं, पण एक गच्ची कमी पडते आहे," त्यांनी सुरुवात केली.

"बाई, तो अहवाल चुकलाय." सावलीवाली उठली.  "ती सावली टाकीची नाही. छत्रीची आहे."

"कुणाची छत्री?"

"माझ्यावर धरलेली... त्या घराच्या मालकांनी."

झालं! सगळ्या माना एकदम मागच्या बाकाकडे वळल्या. कवळीवाल्याला बाकाखाली शिरायला जागा असती तर तो शिरला असता.

"सहा वर्षं हे काम करतेस," मोठ्या बाई सावकाश म्हणाल्या. "समोरच्या पेटीवर सावली पडलेली तुला दिसली नाही?"

"नाही दिसली."

"का?"

"कारण मी त्यांच्याकडे बघत होते."

 समोरच्या घरातल्या आजींनी हसू दाबायला तोंडावर हात धरला, कवळी सैल होती ना!

"म्हणून ती गच्ची मी परत मोजणार नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणीतरी मोजावी. ती गच्ची बसावी असं मला फार वाटतंय. त्यांनी जाऊ नये म्हणून वाटतंय. इतकं वाटणाऱ्या माणसाने मोजू नये."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "उद्या नऊला मी येते. तू त्यांच्या घरात खालीच बसायचं, सगळ्यांना दिसशील अशी. वर पाऊल टाकायचं नाही. आणि अहो मालक, तुम्हीही नाही. तुमची छत्री तर मुळीच नाही!"

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई वर, त्यांच्यावर नजर ठेवायला आत्या वर, आणि ही दोघं खाली. तुम्हाला वाटेल, चला, आता निवांत बोलतील. कसलं काय! नेमक्या त्याच दिवशी गल्लीतल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांच्या कवळ्या सैल झाल्या. एक उठला की दुसरा. कवळी त्याच्या हातात द्यायची आणि बोळक्या तोंडाने तिच्याकडे बघत बसायचं. तो मान खाली घालून घासत होता. एकदाच, दोन आजोबांच्या मधल्या फटीत, तो पुटपुटला, "मीही पेटीकडे बघत नव्हतो हो..." तेवढ्यात तिसरे आजोबा आलेच.

तीन वाजले. जिन्यावर पावलं. घामाने निथळलेल्या मोठ्या बाई आणि मागून आत्या. सावलीवालीने डोळे मिटून घेतले.

"बसली," मोठ्या बाई म्हणाल्या. "सकाळी नऊपासून एक डाग नाही. वीस गच्च्या झाल्या."

आजी-आजोबांनी असा कल्ला केला की टेबलावरच्या कवळ्या खुळखुळल्या. आत्याने तर मोठ्या बाईंना मिठीच मारली. सावलीवाली धावत त्याच्यापाशी गेली. "मग आता कळवून टाका ना त्या कारखान्याला... येत नाही म्हणून!"

"कळवलं."

"कधी? आत्ता तर निकाल लागला."

"सकाळी साडेआठला. बाई यायच्या आधी."

ती बघतच राहिली. "आणि गच्ची नसती बसली तर? भट्टीचं काय केलं असतं?"

"पहाटे वीज जात नाही. उठलो असतो रोज पहाटे." त्याने पांढऱ्या भुकटीने माखलेले हात विजारीला पुसले, पण ते काही स्वच्छ झाले नाहीत. "काल भर सभेत तुम्ही उभ्या राहिलात, तेव्हा गच्ची बसणार की नाही हे कुठे ठाऊक होतं तुम्हाला? तरी बोललातच ना? मग मी कशाला वाट बघू?"

तिला हसू आणि रडू एकदमच आलं. सगळी गल्ली बघत होती, मोठ्या बाई बघत होत्या, आणि तिने त्याचे ते माखलेले दोन्ही हात आपल्या हातात घट्ट धरले.